गॅरेज व्यापारात की सेवांत? आयसिकच्या पाचव्या आवृत्तीबरोबरचे काम

दुचाकींची दुरुस्ती करणारे गॅरेज व्यापारात मोडते की सेवांमध्ये, हा प्रश्न सांख्यिकीशी संबंध नसलेल्या माणसाला रिकामपणचा उद्योग वाटेल. आम्ही मात्र त्यावर गांभीर्याने आणि पुष्कळदा तावातावाने बोललो. सर्व आर्थिक व्यवहारांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाण औद्योगिक वर्गीकरणाची, म्हणजे आमच्या व्यवसायात सगळे ज्याला नुसते ‘आयसिक’ म्हणतात त्या संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणाची, पाचवी आवृत्ती तयार होत होती आणि तिच्या मसुद्यात हे गॅरेज एका विभागातून उचलून दुसऱ्यात ठेवलेले होते. मसुदा देशोदेशींच्या सांख्यिकी यंत्रणांकडे अभिप्रायासाठी आला, तेव्हा औद्योगिक आकडेवारीवर काम करणाऱ्या आमच्या लहानशा गटात त्याचे भाग वाटून घेण्यात आले. अन्नप्रक्रिया, वीज, व्यापार आणि दुरुस्ती हे भाग माझ्याकडे आले.

आयसिकचा पहिला आराखडा १९४८ चा. त्यानंतर १९५८, १९६८ आणि १९८९ मध्ये त्याची फेररचना झाली, २००२ मध्ये थोडीफार डागडुजी होऊन ३.१ ही आवृत्ती निघाली आणि २००८ मध्ये चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली. भारताचे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण, म्हणजे एनआयसी, याच मार्गाने चालत आलेले आहे. एनआयसी २००८ ने पहिले चार अंक आयसिकच्या चौथ्या आवृत्तीवरून घेतले आणि आपल्या गरजेपुरता पाचवा अंक जोडून १३०४ उपवर्ग केले. गूळ, खांडसारी आणि विडी यांना आपल्याकडे स्वतंत्र क्रमांक मिळाले ते या पाचव्या अंकामुळे. वार्षिक उद्योग पाहणी, आर्थिक गणना, उद्यम नोंदणी आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे अंदाज हे सगळे याच क्रमांकांवर उभे असल्याने न्यूयॉर्कमध्ये ठरलेल्या चार अंकांत एक अंक हलला तरी त्याची झळ तालुक्याच्या गावी फॉर्म भरून घेणाऱ्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचते.

प्रक्रिया थोडक्यात अशी असते. संयुक्त राष्ट्रांचा सांख्यिकी विभाग सचिवालयाचे काम पाहतो, आंतरराष्ट्रीय वर्गीकरणांवरची तज्ज्ञ समिती दिशा ठरवते आणि तिने नेमलेला कार्यगट एकेका वादग्रस्त मुद्द्यावर टिपणे लिहून त्यांतून मसुदा रचना तयार करतो. मसुद्यावर देशांचे अभिप्राय मागवले जातात आणि शेवटी संयुक्त राष्ट्रांचा सांख्यिकी आयोग मान्यता देतो. या वेळचे बरेचसे काम कोविडच्या काळात पडद्यावरच झाले. त्याचा एक फायदा असा झाला की एरवी ज्यांना परदेशी बैठकांना जाता आले नसते असेही अनेक जण चर्चा ऐकू शकले. तोटा असा, की चहाच्या वेळी दोन माणसे बाजूला होऊन जो पेच पाच मिनिटांत सोडवतात, तो लेखी अभिप्रायांच्या रकान्यांत महिनोन्‌महिने लोंबकळत राहिला.

अभिप्राय लिहिताना पहिला धडा मिळाला तो असा, की नवा वर्ग मागणे फार सोपे असते आणि त्याचे समर्थन करणे अवघड. एखादा व्यवसाय नवा आहे, गाजतो आहे किंवा धोरणकर्त्यांना त्यात रस आहे, एवढ्यावर वर्ग मिळत नाही. त्या व्यवसायातली उत्पादनाची पद्धत, लागणारी साधने आणि निघणारी वस्तू किंवा सेवा इतरांपासून वेगळी आहे का, तो बऱ्याच देशांत मोजण्याइतका मोठा आहे का आणि मुख्य म्हणजे पाहणीत आलेल्या माहितीवरून तो ओळखता येईल का, हे दाखवावे लागते. आमच्याकडे निरनिराळ्या खात्यांकडून आलेल्या सूचनांपैकी बऱ्याच सूचना या शेवटच्या प्रश्नापाशीच गळून पडल्या. ‘हरित’, ‘स्मार्ट’, ‘डिजिटल’ अशी विशेषणे लावून मागितलेले वर्ग कागदावर छान दिसतात, पण दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या गणकाने ते ओळखायचे कसे, याचे उत्तर त्यांतल्या कोणाकडेच नव्हते.

आता गॅरेजकडे येतो. आयसिकमध्ये सर्वांत वर अक्षराने ओळखले जाणारे विभाग असतात, त्यांच्या आत दोन अंकी प्रभाग, मग तीन अंकी गट आणि चार अंकी वर्ग. चौथ्या आवृत्तीत मोटार वाहनांसाठी ४५ हा स्वतंत्र प्रभाग होता. गाड्यांची घाऊक विक्री, किरकोळ विक्री, सुटे भाग आणि दुरुस्ती असे सगळे त्यात एकत्र होते आणि तो प्रभाग व्यापाराच्या ‘जी’ विभागात असल्याने दुरुस्तीही व्यापारात धरली जाई. आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यांतही व्यापार आणि दुरुस्ती यांची जोडी याच रचनेतून आलेली आहे. पाचव्या आवृत्तीने हा प्रभागच मोडला. विक्री घाऊक आणि किरकोळ व्यापाराच्या प्रभागांत गेली, आणि दुरुस्ती संगणक व घरगुती वस्तूंच्या दुरुस्तीशेजारी ९५ व्या प्रभागात, म्हणजे इतर सेवांच्या विभागात गेली. तर्काने पाहिले तर हे बरोबरच आहे, कारण मिक्सर दुरुस्त करणारा सेवा देतो आणि मोटारसायकल दुरुस्त करणारा व्यापार करतो, या भेदाला ऐतिहासिक कारणांपलीकडे काही आधार नव्हता.

अडचण तर्कात नव्हती, मोजणीत होती. दुचाकींच्या शोरूमचे उदाहरण घ्या. पुढच्या काचेच्या दालनात नव्या गाड्या विकल्या जातात, मागच्या शेडमध्ये सर्व्हिसिंग चालते आणि बाजूच्या खिडकीवर सुटे भाग मिळतात. पूर्वी ही तिन्ही कामे एकाच विभागात, एकाच प्रभागात होती, त्यामुळे मुख्य व्यवसाय कोणता हे ठरवताना चूक झाली तरी ती त्या प्रभागाच्या आतच राहत असे. नव्या रचनेत पहिला निर्णय विभागाच्या पातळीवर करावा लागतो, आणि तो करायचा असतो मूल्यवर्धनावरून, म्हणजे उलाढालीतून विकत घेतलेल्या मालाचा आणि सेवांचा खर्च वजा केल्यावर जे उरते त्यावरून. पण दुकानदाराकडे मूल्यवर्धनाचा आकडा तयार नसतो, त्याच्याकडे उलाढाल असते. गाडीच्या विक्रीत उलाढाल मोठी आणि सुटणारे पैसे थोडे, तर सर्व्हिसिंगमध्ये उलाढाल लहान पण त्यातला मजुरीचा वाटा मोठा. उलाढाल पाहिली तर तीच जागा व्यापारात जाते आणि कामावरची माणसे मोजली तर सेवांत जाते. दोन राज्यांनी दोन वेगळे मापदंड वापरले तर त्यांच्या व्यापारक्षेत्राची तुलना करण्यात अर्थ उरणार नाही. आम्ही अभिप्रायात बदलाला विरोध केला नाही, पण मूल्यवर्धन उपलब्ध नसताना कोणता पर्यायी मापदंड कधी वापरायचा याचे मार्गदर्शन स्पष्टीकरणात्मक टिपांत ठळकपणे असावे, असे लिहिले. मला आजही वाटते की रचनेइतक्याच या टिपा महत्त्वाच्या असतात, आणि वाद मात्र नेहमी रचनेवर होतात.

किरकोळ व्यापारात याहून मोठा बदल होता आणि त्यावर मी मनापासून भांडलो. चौथ्या आवृत्तीत विक्री कोठून होते हा एक निकष होता. दुकानातून होणारी विक्री एकीकडे, मांडव-टपऱ्या आणि बाजारातली विक्री ४७८ या गटात, टपालाने, इंटरनेटवरून किंवा फिरून होणारी विक्री ४७९ मध्ये. आज एकच कापड दुकानदार गल्ल्यावरही विकतो आणि मोबाईलवरून ऑर्डरही घेतो, त्यामुळे हा निकष काढून टाकून काय विकले जाते एवढ्यावरच वर्ग ठरवावेत, असा प्रस्ताव आला. युरोप-अमेरिकेच्या दृष्टीने हे सयुक्तिकच होते. पण ४७८ हा गट आपल्याला इंटरनेटच्या विरुद्धार्थाने लागत नव्हता, तर आठवडे बाजारात पाल ठोकणारा, हातगाडीवर केळी विकणारा आणि फुटपाथवर कपडे मांडणारा माणूस आकडेवारीत दिसावा म्हणून लागत होता. असंघटित क्षेत्रातल्या रोजगाराचा अभ्यास करणाऱ्यांना ही माणसे ‘फळांचा किरकोळ व्यापार’ या नावाखाली एखाद्या वातानुकूलित दुकानाबरोबर मिसळलेली चालणार नाहीत. हा भेद आंतरराष्ट्रीय पातळीवर टिकला नाही. आता तो टिकवायचा तर आपल्या राष्ट्रीय अंकात टिकवावा लागेल, किंवा मग पाहणीच्या प्रश्नावलीत व्यवसायाच्या जागेविषयी वेगळा प्रश्न ठेवावा लागेल. मला दुसरा मार्ग अधिक बरा वाटतो, कारण व्यवसाय कोणता आणि तो कोठे चालतो हे मुळात दोन वेगळे प्रश्न आहेत. पण प्रश्नावलीतला प्रश्न पुढच्या फेरीत कोणीतरी जागा वाचवण्यासाठी काढून टाकतो आणि वर्गीकरणातला अंक तसा सहजासहजी काढता येत नाही, हा अनुभवही गाठीशी आहे.

सगळ्यात जास्त कागद खर्ची पडले ते मध्यस्थ सेवांवर. रिक्षा बोलावण्याचे ॲप, खोली आरक्षित करण्याचे संकेतस्थळ आणि जेवण मागवण्याचे ॲप यांना चौथ्या आवृत्तीत नेमकी जागा नव्हती, म्हणून वेगवेगळ्या देशांनी त्यांना वाहतूक, माहिती तंत्रज्ञान किंवा इतर व्यावसायिक सेवा असे वाटेल तेथे बसवले. पाचव्या आवृत्तीने आधी व्याख्या पक्की केली. मोबदला किंवा कमिशन घेऊन खरेदीदार आणि विक्रेता यांची गाठ घालून द्यायची, पण ती वस्तू किंवा सेवा स्वतः पुरवायची नाही आणि तिची मालकीही घ्यायची नाही, ही मध्यस्थी. मग प्रश्न आला तो तिच्या जागेचा. सर्व मध्यस्थांचा एकच गट करावा की ज्या व्यवसायात मध्यस्थी चालते त्याच्याच शेजारी प्रत्येकाला जागा द्यावी? दुसरा पर्याय स्वीकारला गेला, आणि प्रवासी वाहतूक, निवास, खाद्यसेवा, किरकोळ व्यापार अशा अनेक प्रभागांत मध्यस्थीचे स्वतंत्र वर्ग तयार झाले.

या चर्चेत आम्हाला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटली. मध्यस्थी मोबाईलबरोबर जन्मलेली नाही. बाजार समितीतला अडत्या शेतकऱ्याचा माल स्वतः विकत न घेता लिलाव लावून देतो आणि अडत घेतो. कमिशनवरच्या घाऊक व्यापारासाठी आयसिकमध्ये ४६१ हा गट पूर्वीपासून आहे तो अशाच लोकांसाठी. तेव्हा व्याख्या करताना ‘डिजिटल’ हा शब्द निकष म्हणून घालू नये, अशी सूचना आम्ही केली. इतरही अनेकांचे मत तसेच असावे, कारण अंतिम व्याख्येत साधन कोणते यावर भर नाही. मला समाधान वाटले ते यासाठी की साधन बदलले म्हणून व्यवसायाचे स्वरूप बदलत नाही, हे तत्त्व निदान या एका ठिकाणी तरी नीट पाळले गेले.

मसुदा वाचून मत देणे एक आणि त्याप्रमाणे क्रमांक देऊन पाहणे वेगळे. आम्ही जुन्या पाहण्यांतली व्यवसायांची वर्णने, नावे-पत्ते काढून, घेतली आणि दोन जणांना एकमेकांशी न बोलता नव्या रचनेत क्रमांक द्यायला सांगितले. कागदावर निर्विवाद वाटणारे वर्ग येथे डळमळीत झाले. ‘वेल्डिंग, गेट-ग्रिल’ या वर्णनाला एकाने धातूच्या वस्तूंचे उत्पादन म्हटले, दुसऱ्याने बांधकामातले बसवणीचे काम. ‘दूध संकलन’ लिहिणारा स्वतः दूध विकत घेतो की डेअरीच्या वतीने कमिशनवर गोळा करतो, हे वर्णनात नव्हतेच. घरी पोहोचणाऱ्या मिसळीच्या एका पार्सलमागे तीन व्यवसाय असतात. मिसळ करणारे उपाहारगृह खाद्यसेवेत, ॲप खाद्यसेवेच्या मध्यस्थीत आणि स्वतंत्रपणे काम करणारा पोहोचवणारा मुलगा टपाल-कुरिअरच्या प्रभागात. ही विभागणी योग्यच आहे, पण तो मुलगा गणकाला सांगताना ‘फूड डिलिव्हरी’ एवढेच सांगतो आणि एकाने त्याला खाद्यसेवेत टाकलेलेही होते. दोघांचे क्रमांक कोठे जुळले नाहीत याची यादी आम्हाला कोणत्याही लांबलचक अभिप्रायापेक्षा जास्त उपयोगी पडली.

अन्नप्रक्रियेत महाराष्ट्राच्या दृष्टीने कळीचा विषय साखर कारखान्याचा. ऊस गाळून साखर निघते, मळीपासून आसवनीत मद्यार्क तयार होतो आणि बगॅस जाळून सहवीजनिर्मिती होते. आयसिकमध्ये मुख्य व्यवसाय वरून खाली ठरवायचा असतो, आणि या पद्धतीने निघणारे उत्तर नवख्याला चमत्कारिक वाटते. समजा, एखाद्या कारखान्याच्या मूल्यवर्धनात विजेचा वाटा ४० टक्के, साखरेचा ३५ आणि आसवनीचा २५ आहे. एकेकटी पाहिली तर वीज सर्वांत मोठी. पण साखर आणि आसवनी दोन्ही उत्पादनाच्या सी विभागात येतात, त्यांची बेरीज ६० होते, म्हणून विभाग सी ठरतो. मग त्या विभागाच्या आतच खाली उतरायचे, तेथे साखर मोठी, म्हणून कारखाना साखरेचाच. पाचव्या आवृत्तीने वीजनिर्मितीत अक्षय आणि अनक्षय स्रोत असे वेगळे वर्ग केले हे स्वागतार्ह आहे, पण वर सांगितलेल्या नियमामुळे बगॅसवरची बरीचशी वीज उद्योगांच्या तक्त्यात त्या नव्या वर्गात दिसणारच नाही. ती पाहायची तर उत्पादनांच्या वर्गीकरणाकडे जावे लागते.

उत्पादनांचे ते वर्गीकरण म्हणजे केंद्रीय उत्पादन वर्गीकरण, सीपीसी. आयसिक आस्थापना काय करते हे सांगते, तर सीपीसी काय निर्माण झाले हे सांगते, आणि वस्तूंच्या बाबतीत तिची वीट न्‌ वीट जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या एचएस संहितेतल्या सहा अंकी उपशीर्षकांची असते. आपले उत्पादन क्षेत्राचे सात अंकी वर्गीकरण सीपीसीच्या पाच अंकांपुढे दोन अंक जोडून केलेले आहे. ही जोडणी किती नाजूक असते ते आसवनीच्या मद्यार्कावरून कळते. एचएसमध्ये २२०७ या एकाच शीर्षकाखाली उच्च तीव्रतेचा शुद्ध मद्यार्क आणि डिनेचर केलेला, म्हणजे पिण्यास अयोग्य केलेला, मद्यार्क शेजारी शेजारी आहेत. सीपीसीमध्ये मात्र पहिला पेयांच्या बाजूला आणि दुसरा मूलभूत रसायनांत. इंधनात मिसळायचे इथेनॉल वाढत गेले तशी ही रेघ कारखान्यांच्या आकडेवारीत अधिक जाणवू लागली, कारण डिनेचर कोठे केले, आसवनीत की तेल कंपनीच्या आगारात, यावर तेच द्रव्य कोणत्या विभागात मोजले जाईल हे ठरू शकते. उत्पादनाच्या फॉर्मवर नुसते ‘इथेनॉल’ लिहिलेले असते तेव्हा या प्रश्नाचे उत्तर कारखान्याला फोन करूनच मिळते.

कारखाना नसलेल्या उत्पादकांचा मुद्दा माझ्याकडे नव्हता, पण त्याची चर्चा मी ऐकली. चौथ्या आवृत्तीत सगळे उत्पादन दुसऱ्याकडून करवून घेणारी कंपनी कच्च्या मालाची मालक असेल तरच उत्पादक, नाहीतर व्यापारी. औषधांच्या धंद्यात लोन लायसन्सवर, म्हणजे आपल्या परवान्यावर दुसऱ्याच्या कारखान्यात, माल काढून घेणाऱ्या कंपन्या पाहिलेल्या माणसाला ही कसोटी किती तोकडी आहे हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण सूत्र, ब्रँड आणि दर्जाची जबाबदारी एकाची असते आणि यंत्रे दुसऱ्याची. वाद मालकी कशाची धरायची यावर होता आणि तो बराच लांबला.

मार्च २०२३ मध्ये सांख्यिकी आयोगाने पाचव्या आवृत्तीला मान्यता दिली आणि त्याच्या पुढच्या वर्षी सीपीसीच्या तिसऱ्या आवृत्तीला. युरोपीय संघाचे स्वतःचे वर्गीकरण तोवर कायद्याने पक्के झालेले होते, आणि जागतिक मसुद्याच्या शेवटच्या टप्प्यात अनेक प्रश्नांवर ‘हे आता बदलणे कठीण’ असा सूर का लागत होता, याचे निदान काही अंशी तरी स्पष्टीकरण त्यात आहे. त्यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. ज्यांचे कायदे आकडेवारीला बांधलेले असतात ते आधी तयारी करतात. आपण आपली उदाहरणे दोन-तीन वर्षे आधी, चांगल्या आकडेवारीसह मांडली असती तर फेरीवाल्यांच्या गटाबद्दल कदाचित अधिक ऐकले गेले असते.

मान्यतेनंतर खरे कंटाळवाणे, आणि माझ्या मते खरे महत्त्वाचे, काम सुरू झाले. जुन्या प्रत्येक वर्गातून नव्या कोणत्या वर्गांत काय जाते याचा अनुरूपता तक्ता तयार करणे हे ते काम. माहिती व संप्रेषणाचा जुना ‘जे’ विभाग दोन विभागांत विभागला गेल्याने विभाग २१ चे २२ झाले आणि पुढची सगळी अक्षरे एकेक घर सरकली. वित्तसेवा के वरून एल वर गेल्या, शिक्षण पी वरून क्यू वर. वर्षानुवर्षे अक्षरांवर बोलणाऱ्या लोकांना याचा त्रास होतो, पण तो सवयीचा त्रास आहे. जेथे एक जुना वर्ग दोन नव्या वर्गांत फुटतो तेथे त्रास खरा असतो. मोटारसायकलींची विक्री आणि दुरुस्ती चौथ्या आवृत्तीत ४५४० या एकाच वर्गात होती. ज्या देशांकडे तेवढाच क्रमांक होता त्यांना मागच्या वर्षांचा आकडा कोणत्या तरी प्रमाणाने वाटावा लागेल. आपल्या पाचव्या अंकाने विक्री आणि दुरुस्ती आधीच वेगळी ठेवलेली असल्याने येथे आपली मालिका बऱ्यापैकी न तुटता जोडता येते. ४७८ च्या बाबतीत उलटे आहे. तेथे जुन्या वर्गांतून नव्यात जाता येते, पण नव्यातून मागे येण्याची वाट नाही.

त्याच कामात एक साधी गोष्ट आम्ही सगळ्या तक्त्यांना सक्तीची केली. क्रमांकाच्या शेजारी तो कोणत्या आवृत्तीचा आहे हे सांगणारा रकाना. कारण नुसता अंक फसवतो. कंपन्यांच्या एकवीस अक्षरी ओळख क्रमांकात सुरुवातीच्या एका अक्षरानंतर पाच अंकी व्यवसाय क्रमांक असतो. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी जुन्या सॉफ्टवेअर कंपन्यांचा ओळख क्रमांक यू७२२००एमएच असा सुरू होतो. त्या काळच्या वर्गीकरणात ७२ म्हणजे संगणकविषयक सेवा. २००८ च्या आवृत्तीपासून त्या ६२ मध्ये गेल्या आणि ७२ झाला वैज्ञानिक संशोधन. कोणी उत्साही विश्लेषक हे पाच अंक सरळ आजच्या यादीला जोडतो आणि त्याला महाराष्ट्रात संशोधन संस्थांचे पीक आलेले दिसते. असे तक्ते आमच्याकडे तपासणीसाठी आले आहेत. आता आवृत्तीचा रकाना रिकामा असेल तर ती फाइल पुढे जात नाही, आणि त्यावरून रोज कोणाची ना कोणाची कुरकुर चालू असते.